विश्लेषण : विश्वेश्वरय्या यांच्या पूर-अभ्यासाचा बीडशी काय संबंध?

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टीची नोंद होते. बीडच्या शेतकऱ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. पण तेवढा पाऊस दिवसभरात पडला तर बराचसा मुरतो. तासाभरात कोसळला तर माती वाहून नेतो. पाऊस किती, याबरोबरच तो किती वेळात पडला, हे म्हणूनच महत्त्वाचे. पुराचा हिशेब मांडणारे एक मोठे नाव म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

महाराष्ट्राशी नाते काय?

जन्म १५ सप्टेंबर १८६१, मुद्देनहळ्ळी (कर्नाटक). अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. १९०३ मध्ये खडकवासला धरणावर त्यांनी पूर येताच आपोआप उघडणारे दरवाजे बसवले.

हैदराबादमध्ये काय केले?

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुरात हैदराबादेत हजारो लोक दगावले. बीड तेव्हा याच निजाम संस्थानात होते. संस्थानाने १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पावसाच्या नोंदी, पाणलोट क्षेत्र आणि फुटलेले तलाव तपासले. थोड्या वेळात कोसळलेल्या पावसात वरचे तलाव फुटले आणि पूर वाढत गेला होता. शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे जलाशय बांधावेत, असे त्यांनी सुचवले. त्यातून उस्मान सागर (१९२०) आणि हिमायत सागर (१९२७) उभे राहिले. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये निधन झाले.

सूत्र काय सांगते?

अमेरिकेतील जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये जगभरातील विक्रमी पावसाच्या नोंदी एकत्र मांडल्या. त्यातून दिसले, की विक्रमी पाऊस साधारण कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेळ चौपट झाली, तर पाऊस चौपट नव्हे, सुमारे दुपटीनेच वाढतो. सर्वात तीव्र मारा थोड्या वेळाचाच असतो.

बीडला याचा उपयोग काय?

मोठ्या नदीला पूर येण्यासाठी बहुधा दोन-तीन दिवसांचा पाऊस लागतो. गावच्या ओढ्याला किंवा पाझर तलावाला काही तासांची सर पुरते. त्यामुळे लहान तलावाचा सांडवा २४ तासांच्या आकड्यावर नव्हे, तर तासागणिक पावसाच्या नोंदींवर बेतायला हवा. कमी पावसाच्या जिल्ह्यातही सांडवा अपुरा पडला, तर तलाव फुटतो आणि खालची शिवारे खरडून जातात.