डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन

लहान राष्ट्राच्या हातून जगाचें मोठें कार्य कसें व्हावयाचें, अशी शंका पुष्कळांस येते. नॉर्वेचे थोर पुढारी डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन यांचें चरित्र हें त्या शंकेचें उत्तर होय.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजीं, ज्यास आज ऑस्लो म्हणतात त्या शहरालगत झाला. पायांस लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून धांवण्याचा त्यांस लहानपणापासून नाद होता. प्राणिशास्त्राचा अभ्यास करून १८८८ सालीं त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली, व त्याच वर्षीं पांच सोबत्यांसह ग्रीनलंडचें हिममय पठार ओलांडिलें. त्या देशाची वस्ती पश्चिम किनाऱ्यावर. पूर्व किनारा बहुतेक ओसाड. वस्तीकडून निघाल्यास संकट येतांच माघारें फिरण्याचा मोह व्हावयाचा, म्हणून त्यांनीं मुद्दाम ओसाड बाजूनेंच प्रयाण केलें. परतीची वाट ठेवावयाची नाहीं, ही त्यांची जन्माची रीत झाली.

१८९३ मध्यें ते 'फ्राम' नांवाच्या जहाजांतून उत्तर ध्रुवाकडे निघाले. पुढें योहान्सेन या एकाच सोबत्यासह पायीं जाऊन १८९५ सालीं त्यांनीं ८६ अंश १४ कला इतकें उत्तर अक्षांश गांठिलें. तोंवर इतक्या उत्तरेस कोणीही गेलें नव्हतें. तो हिंवाळा दगडांच्या व कातड्यांच्या झोंपडींत काढून १८९६ मध्यें ते स्वदेशीं सुखरूप परतले.

१९०५ सालीं नॉर्वे व स्वीडन यांचें जुनें संयुक्त राज्य भंग पावलें, तेव्हां युद्धाचा प्रसंग जवळ आला होता. नान्सेन यांनीं स्वातंत्र्याचा पक्ष दृढपणें मांडिला, परंतु शेजाऱ्याशीं वैर नसावें असाही आग्रह धरिला. रक्तपात न होतां दोन्ही राष्ट्रें विभक्त झालीं. पुढें नॉर्वेचे पहिले वकील म्हणून ते १९०६ ते १९०८ पर्यंत लंडन दरबारीं होते.

पहिलें महायुद्ध संपलें, तरी लक्षावधि युद्धकैदी परमुलखांत खितपत पडले होते. १९२० सालीं राष्ट्रसंघानें त्यांना घरीं पोंचविण्याचें काम नान्सेन यांजवर सोंपविलें, आणि सुमारें दोन वर्षांत सवाचार लक्षांहून अधिक माणसें त्यांनीं स्वगृहीं धाडिलीं. तह कागदावर होतो. पण बाप घरीं परत आल्याखेरीज लेंकरांना शांति कळत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

१९२१ मध्यें रशियांत भयंकर दुष्काळ पडला. नान्सेन यांनीं राष्ट्रसंघापुढें पन्नास लक्ष पौंडांच्या कर्जाची मागणी केली. अन्यत्र धान्य विपुल होतें. परंतु मदतीनें बोल्शेव्हिकांचें बळ वाढेल, या भीतीनें सरकारांनीं ती नाकारिली. नान्सेन रुसून घरीं बसले नाहींत. गांवोगांव व्याख्यानें देऊन त्यांनीं लोकांकडून वर्गणी जमविली. अमेरिकनांचें मोठें साहाय्यही तेथें पोंचलें. तरीही लक्षावधि जीव गेले, हें शल्य त्यांच्या मनांत राहिलें.

त्याच सुमारास लक्षावधि रशियन निर्वासित झाले. त्यांजपाशीं कोणत्याही राज्याचा दाखला नसल्यामुळें त्यांना सरहद्द ओलांडतां येईना, कीं कोठें कामही मिळेना. १९२२ सालीं नान्सेन यांनीं त्यांच्याकरितां एक ओळखपत्र सुरू केलें. त्यास लोक 'नान्सेन पासपोर्ट' म्हणूं लागले, आणि पुढें पन्नासांहून अधिक सरकारांनीं तें मान्य केलें. त्याच वर्षीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, व त्या द्रव्याचा विनियोग त्यांनीं दुःखितांच्या साहाय्यार्थ केला.

१९२५ मध्यें ते आर्मेनियांत गेले. तेथील कोरड्या जमिनीस पाटाचें पाणी देऊन निर्वासित आर्मेनियनांना शेतीवर वसवावें, अशी त्यांची योजना होती. नुसतें अन्नछत्र न घालतां माणसास स्वतःच्या कष्टावर उभें करावें, हें त्यांचें धोरण. परंतु राष्ट्रांनीं पैसा दिला नाहीं. शेवटपर्यंत ते त्यासाठीं झटत राहिले, आणि १३ मे १९३० रोजीं आपल्या घरीं निवर्तले. १९५४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कचेरीकडून त्यांच्या नांवें पारितोषिक दिलें जातें.

विद्यार्थिमित्रहो, नान्सेन यांचे सर्वच बेत सिद्धीस गेले नाहींत. सभेंत त्यांचा पराभव होई, पण दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां कामास लागत. बर्फावर शिकलेली ती रीत त्यांनीं दीनांच्या सेवेंतही सोडिली नाहीं. स्वदेशावर प्रेम करावें आणि परक्याचेंही अश्रू पुसावे, या दोहोंत विरोध नाहीं, हेंच त्यांच्या चरित्राचें सार होय.