इब्न अल-नफीस : फुप्फुसांतील रक्तमार्गाचे पहिले भाष्यकार

अमिरातीत औषधांच्या दुकानांच्या पाट्यांवर इब्न सीना यांचे नाव मराठी माणसाच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. त्यांच्या ग्रंथातील एक मोठी चूक दाखवून देणारे इब्न अल-नफीस मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कसजवळ झाला. तेथील नूरी रुग्णालयात वैद्यक शिकून ते कैरोस गेले आणि पुढे मुख्य वैद्य झाले. उजव्या कप्प्यातील रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील छिद्रांवाटे डावीकडे जाते, हे गेलनचे मत हजार वर्षे प्रमाण होते. इब्न सीनांनीही ते स्वीकारले होते. इब्न अल-नफीस यांनी १२४२ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यावर भाष्य लिहिताना ते नाकारले. पडदा भरीव आहे. रक्त फुप्फुसांत जाते, तेथे हवेशी संयोग पावते आणि मगच डाव्या बाजूस परतते, असे त्यांनी मांडले.

१२८८ मध्ये ते निवर्तले. आपले घर व ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोतील मन्सुरी रुग्णालयास दिला होता. त्यांचा हा शोध मात्र विस्मृतीत गेला. १९२४ मध्ये अल-ततावी या इजिप्शियन वैद्यास बर्लिनमध्ये त्याचे हस्तलिखित सापडले, तेव्हा जगाला त्याची ओळख पटली.

फुप्फुसांतील उच्च रक्तदाब समजून घेण्यास हाच रक्तमार्ग आधारभूत आहे. हा मार्ग स्वतंत्र असल्याने दंडाला पट्टा बांधून त्यातील दाब कळत नाही. दंडावर १२० सामान्य मानला जातो. फुप्फुसाच्या धमनीत मात्र सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर गेला की तो विकार ठरतो. डाव्या हृदयाचे दुखणे, फुप्फुसांचे जुने आजार, न विरघळलेल्या गुठळ्या किंवा धमन्यांचेच आकुंचन ही त्याची प्रमुख कारणे होत. जिना चढताना लागणारी धाप वयावर किंवा वजनावर ढकलली जाते आणि दरम्यान उजवे हृदय थकत राहते.

सोनोग्राफीने संशय येतो, तर हृदयात नळी घालून निदान पक्के होते. उपचार कारणानुसार ठरतात : धमन्या सैलावणारी औषधे, गुठळ्या काढणारी शस्त्रक्रिया आणि अखेरचा उपाय म्हणून फुप्फुस प्रत्यारोपण, जे २०१८ पासून अबू धाबीतही होते. या सर्व उपचारांची वाट त्या तरुण वैद्याने दाखविलेल्या मार्गावरूनच जाते.