संत आगुस्तिन आणि स्तोत्रे

संत आगुस्तिन यांचा जन्म उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे सन ३५४ मध्ये झाला. सन ३८६ मध्ये, मनःपरिवर्तन होताच, ते दाविदाची स्तोत्रे आपल्याच अंतःकरणाची प्रार्थना म्हणून वाचू लागले. पुढील वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते हिप्पोचे बिशप झाले, आणि त्यांनी सर्व १५० स्तोत्रांचे विवरण केले. सन ४३० मध्ये व्हॅण्डल लोकांनी नगरास वेढा घातला असता ते आजारी पडले. तेव्हा या महापंडिताने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून भिंतीवर लावविली, आणि सुमारे दहा दिवस एकांतात ती वाचीत अश्रू ढाळिले. २८ ऑगस्ट रोजी ते प्रभुचरणी लीन झाले. जी स्तोत्रे जगास शिकविली, तीच शेवटी त्यांनी स्वतःसाठी म्हटली. आपल्या आजाऱ्यांच्या उशाशीही एखादे स्तोत्र असावे, अशी आमची इच्छा आहे.