चिमटा जमिनीवर पडला आणि…

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना परिचित आहे. मात्र ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांना एका दूषित बाटलीपायी काय सोसावे लागले, याचे स्मरण क्वचितच होते.

ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा जागेत त्यांनी प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या साऱ्यांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवण्याचा निर्णय हाफकिन यांच्या अंगाशी आला आणि त्यांना पद सोडावे लागले.

वस्तुस्थिती निराळी होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो उकळून न घेता कार्बोलिकमध्ये नुसता बुडवून त्यानेच बूच काढले गेले. मातीतील धनुर्वाताचे बीजाणू एवढ्याने मरत नाहीत. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती. जंतू मुंबईतच शिरले असते तर ती खचित आली असती.

कारखान्यातून निर्जंतुक निघालेली ब-१२ जीवनसत्त्वाची कुपी ओझरच्या दवाखान्यात उघडो वा पुण्यातील घरी, धोक्याचा क्षण आजही तोच. रबरी बूच स्पिरिटने पुसून सुकू द्यावे, सुई दर वेळी नवी असावी. ब-१२ उजेडापासून दूर राहावे. न उघडलेले इन्शुलिन, जे स्वतः एक पेप्टाइडच आहे, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, पण गोठू देऊ नये. कंटाळवाणीच कामे ही, आणि म्हणूनच ती टाळली जातात.

रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी पाठपुरावा केल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते कलकत्त्यात रुजू झाले. लसनिर्मिती मात्र पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.