केस हरला, पण...

कर्ट फ्लडच्या दिशेने उडालेला चेंडू सहसा जमिनीवर पडत नसे. अमेरिकेतल्या सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाचा तो सेंटर फिल्डर. १९६३ पासून सलग सात वर्षं उत्तम क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' त्याने पटकावला. १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या संघातही तो होता.

तरी १९६९ मध्ये क्लबने त्याला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याला विचारलंसुद्धा नाही! कारण करारातला 'रिझर्व्ह क्लॉज'. करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. क्लब पाठवेल तिथे खेळा, नाहीतर घरी बसा.

फ्लडचा पगार होता वर्षाला ९० हजार डॉलर. पण पगार मोठा म्हणून माणूस विकायची वस्तू होत नाही, हे त्याचं म्हणणं. तो थेट कोर्टात गेला. १९७० चा अख्खा सीझन त्याने सोडला. जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त खेळाडू साक्षीला आले. तेव्हा खेळत असलेला एकही फिरकला नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनकडून जेमतेम १३ सामने, की करिअर खल्लास. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टातही तो ५-३ असा हरला.

पण आता हा विषय दबणार नव्हता. १९७५ मध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने त्या क्लॉजची पकड मोडली. खेळाडूंना संघ निवडता येऊ लागला आणि पगार भराभर वाढले. १९९७ मध्ये फ्लड गेला. पुढच्या वर्षी त्याच्या नावाने कायदाही झाला. त्याने मागितलेला हक्क आज सगळे वापरतात. त्याला स्वतःला मात्र तो कधीच वापरता आला नाही.