एक्सप्लेनर : मुलांनी लहानपणापासून एकच खेळ खेळावा का? पाहा खाशाबा जाधवांची वाटचाल

सोलापूर : उन्हाळी शिबिरांचे फॉर्म निघाले की पालकांना प्रश्न पडतो. मुलाला आत्ताच एका खेळात घालायचं, की चार खेळ खेळू द्यायचे? स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते पैलवान खाशाबा जाधव यांच्या आयुष्यात याचं उत्तर शोधूया.

सुरुवात कशी झाली?

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यामुळे पाचव्या वर्षीच खाशाबांच्या अंगाला तालमीची माती लागली. पण ते फक्त कुस्तीच करत नव्हते. पोहणं, धावणं, वेटलिफ्टिंग, हातोडाफेक यांतही ते तरबेज होते. कराडच्या टिळक हायस्कूलनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले.

मातीवरून मॅटवर

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खरी परीक्षा झाली. घडण मातीतली, तिथे मात्र मॅट आणि वेगळे नियम. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. बाविसाव्या वर्षी त्यांना कुस्ती जवळजवळ नव्याने शिकावी लागली. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. तिथे खाशाबांनी वरच्या, ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. भारताला पुढचं वैयक्तिक पदक थेट १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी मिळवून दिलं.

पुढे काय झालं?

१९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

पालकांनी काय घ्यावं?

एका पैलवानावरून सगळ्या मुलांसाठी नियम काढता येत नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर सुरुवात करावीच लागते. पण लवकर सुरुवात करणं वेगळं आणि बाकी सगळं लवकर बंद करणं वेगळं. खाशाबांनी पहिलं केलं, दुसरं नाही. त्यामुळे आठ वर्षांचं मूल तालमीत जात असेल तर जाऊ द्या. फक्त त्यासाठी त्याचं पोहणं आणि गल्लीतलं क्रिकेट बंद करू नका.