न झाडलेली गोळी

अनेक घरांत लहान मुलांच्या उशाशी एक मऊ, गुबगुबीत अस्वल असते. आपण त्याला टेडी म्हणतो. हे नाव अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचे आहे आणि अस्वलाला ते मिळाले एका शिकारीमुळे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यापैकी कोणी बंदूक घेऊन रानात जाणार नाही. तरीही हातात बळ आहे, समोरचा जीव असहाय आहे आणि भोवतीची माणसे भरीला घालत आहेत, अशी वेळ प्रत्येकावर येते. म्हणून आज आम्ही थिओडोर रूझवेल्ट यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत.

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन कुटुंबात झाला. लहानपणी दम्याने ते बेजार असत. वडिलांच्या आग्रहाने त्यांनी व्यायाम सुरू केला आणि शरीर कमावले. पशुपक्ष्यांचा नाद त्यांना बालपणापासूनच होता. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी त्यांच्यावर आकाश कोसळले. एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची आई आणि तरुण पत्नी दोघीही गेल्या. पदरी दोन दिवसांची मुलगी होती. दुःख विसरण्यासाठी ते डाकोटाच्या माळरानावर गेले. तेथे त्यांनी गुरे पाळली आणि शिकारही केली.

त्याच माळरानावर त्यांना एक गोष्ट उमगली. ज्या बायसनचे प्रचंड कळप तेथे चरत असत, ते बंदुकीपुढे जवळजवळ संपले होते. मारणाऱ्याने स्वतःला आवर घातला नाही तर मारायलाही काही उरत नाही. १८८७ मध्ये जॉर्ज बर्ड ग्रिनेल आणि इतर मित्रांसह त्यांनी बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. सापळ्यात अडकलेले अस्वल मारणे, खोल बर्फात रुतलेल्या हरणावर गोळी झाडणे, पाण्यात पोहणारे जनावर नावेतून टिपणे या गोष्टी या क्लबने न्याय्य शिकारीबाहेर ठेवल्या. जनावराला निसटण्याची संधी असली पाहिजे, हे त्यामागचे सूत्र होते.

१९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि रूझवेल्ट त्या पदावर आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपी राज्याचे गव्हर्नर लाँगिनो यांच्या निमंत्रणावरून ते ऑनवर्ड या ठिकाणाजवळ अस्वलाच्या शिकारीला गेले. वाटाड्या होता होल्ट कॉलियर. जन्माने गुलाम असलेला हा कृष्णवर्णीय माणूस त्या दलदलीचा आणि वेताच्या रानाचा कोपरा न् कोपरा ओळखत होता. रानात राष्ट्राध्यक्षांनीही त्याचेच ऐकायचे होते.

रूझवेल्ट यांना कुत्र्यांमागे घोड्यावरून जायचे होते. परंतु त्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यांना एका जागी बसवायचे, कॉलियरने अस्वल तिकडे हाकून आणायचे आणि पहिली गोळी त्यांनी झाडायची, असे ठरले. १४ नोव्हेंबरला ते बराच वेळ वाट पाहत बसले आणि मग जेवणासाठी तळावर परतले. इकडे कॉलियर अस्वलाला घेऊन आला तर जागा रिकामी! कुत्र्यांनी घेरलेले अस्वल चवताळले आणि त्याने एका कुत्र्याला ठार केले. पाहुण्याला शब्द दिलेला असल्यामुळे कॉलियरने गोळी झाडली नाही. त्याने जवळ जाऊन बंदुकीच्या दस्त्याने अस्वलाच्या डोक्यावर घाव घातला, गळ्यात दोर टाकला आणि त्याला झाडाला बांधून निरोप धाडला.

रूझवेल्ट आले. समोर जखमी, गुंगलेले, बांधलेले अस्वल होते. सोबतचे लोक गोळी झाडण्याचा आग्रह करू लागले. रूझवेल्ट यांनी साफ नकार दिला. मात्र जनावराला तसेच तडफडत ठेवायचे नाही, असेही त्यांनी बजावले. त्यांच्या सांगण्यावरून सुरीने त्याचा अंत करण्यात आला.

दोन दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टमध्ये छापून आले. ते पाहून ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिच्टम यांनी कापडी अस्वल विकायला ठेवले आणि टेडी घरोघरी पोहोचला.

या गोड खेळण्यामागे मूळ घटना थोडी झाकली जाते. अस्वल काही वाचले नाही. आम्हांला वाटते, येथे तीन कर्तव्ये वेगवेगळी दिसतात. पहिले, वाटाड्याने नेमून दिलेली जागा सोडू नये. पाहुणा उठून गेला आणि एक कुत्रा मेला, वाटाड्याचाही जीव धोक्यात आला. दुसरे, करता येते म्हणून करू नये. ते अस्वल मारणे कायद्याने गुन्हा नव्हता, नकार आला तो आतून. तिसरे, नकार देऊन हात झटकू नयेत. आपल्यासाठी जखमी झालेल्या जिवाच्या वेदनांची जबाबदारी आपलीच असते.

रूझवेल्ट पुढेही शिकारी राहिले. १९०७ मध्ये लुइझियानात त्यांनी पुन्हा कॉलियरला बोलावले आणि त्या खेपेस अस्वल मारले. १९०९-१० च्या आफ्रिकेच्या मोहिमेत त्यांनी व त्यांच्या मुलाने संग्रहालयासाठी पाचशेहून अधिक प्राणी मारले. आज तो आकडा आपल्याला खटकतो. दुसरीकडे, १९०३ मध्ये पेलिकन बेटापासून सुरुवात करून त्यांनी ५१ पक्षी अभयारण्ये आणि ५ राष्ट्रीय उद्याने निर्माण केली. ६ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. कॉलियर १९३६ मध्ये वारला. मिसिसिपीतील एका वन्यजीव अभयारण्याला आज त्याचे नाव आहे.

वाचकहो, सुट्टीत आपली मुले ताडोबाला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. तेथे हातात बंदूक नसते. वाटाड्या सांगेल तेथे बसावे, गाडीतून उतरू नये, वाघ जवळून दिसावा म्हणून चालकाला भरीला घालू नये, एवढे त्यांना निघण्यापूर्वी जरूर सांगा. रानात आपण पाहुणे असतो आणि पाहुण्याने घरच्या माणसाचे ऐकायचे असते.